पोटात ठेव

उंदराला ओकता येत नाही.
जे गिळलं ते गिळलं.
म्हणून सेगेडच्या आमच्या तळघरात फेरेट होते,
लांब पाठीचे, उग्र वासाचे,
आणि काचेपुढे स्टुलावर मी,
मांडीवर वही.

प्लॅटिनम टोचल्यावर तासभर काही होत नाही.
फेरेट झोपतो, जांभई देतो.
मग मागे मागे सरकू लागतो,
जणू स्वतःच्याच तोंडापासून लांब जायचंय.
पाठीची कमान होते.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
कोरडे उमासे वेगळ्या रकान्यात.

नव्या भुकटीला नाव नव्हतं, आकडा होता: एकोणसाठ.
एकोणसाठ दिलेला फेरेट मागे सरकलाच नाही.
रकाना कोरा. पान उलटलं, तेही कोरं.
हेदवेगी म्हणाले, पेन्सिल मोडली की काय तुझी?
मग फळ्यावर त्यांनी आतडं काढलं,
त्यातून सांडणारं सेरोटोनिन,
वर जाणारी एक लांबच लांब नस,
आणि मेंदूच्या तळाशी एक चौकट,
जिथे रक्ताला कुणी अडवत नाही,
विषाची पहिली वर्दी तिथेच.
"एकोणसाठ म्हणजे कडी," ते म्हणाले. "आतून लावलेली."

त्या वर्षी एटेल्का तिसऱ्या मजल्यावर होती,
तिसा नदीकडे खिडकी असलेल्या वॉर्डात.
तेच प्लॅटिनम.
घड्याळ न बघता मला कळायचं, आता.
ती मागे सरकायची, उशीत, पार भिंतीपर्यंत.
वॉर्डातल्या औषधानं तिची मान वाकडी झाली,
जबडा अडकला, डोळे छताला लागले,
आणि उलटी काही थांबली नाही.
एका हातात मी बेसिन धरलं होतं.
दुसऱ्या हाताचं बोट चादरीवर
रेघा ओढत होतं.
तिनं पाहिलं. "किती झाल्या?"
सव्वीस, मी म्हणाले.
खोटं सांगायला हवं होतं.

फेरेट दीड किलोचा. माझी बहीण एकेचाळीस.
त्रैराशिक मला शाळेपासून येतं.
फेरेटवरून माणसाचं त्रैराशिक मांडू नये,
हे नव्या मुलींना मीच शिकवते.

त्या रात्रीची वहीत नोंद नाही.

सकाळी तिनं दुधात शिजवलेला रवा खाल्ला,
वर कोको, अर्धी वाटी.
अकरा वाजले. बारा.
मी बोटं मुठीत दाबून बसले होते.
"काय घातलंस गं यात?"
"पोटात ठेव," मी म्हणाले.
"तेच तर करतेय," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी तळघरात तिचा फोन.
"तुझ्या त्या रव्यानं दगड झालाय माझा!
चार दिवस, काही म्हणजे काही नाही."
आणि ती हसत सुटली, धाप लागेपर्यंत.

एकोणसाठ आतडीही संथ करतं.
मी नुसती तोंडाकडे बघत बसले होते,
लेंड्या मोजल्याच नव्हत्या.

संध्याकाळी भिजवलेले आलुबुखार घेऊन वर गेले.
दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना आखला.
हे कशावरून सुचलं, हेदवेगींनी विचारलं.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.