शाळेची किल्ली

मुलं संपली म्हणून शाळा बंद झाली.
किल्ली माझ्याकडेच राहिली,
मी शेवटचा शिपाई.

मंगळवारी सहाला दार उघडतो.
बाहेर सस्कॅचवानचा जानेवारी, उणे एकतीस,
गव्हाचं कोठार कधीचं रिकामं.
आत बास्केटबॉलच्या पुसट रेषांवर
निळ्या टेपने आखलेलं पिकलबॉलचं कोर्ट,
भोकाभोकांचा पिवळा चेंडू
आणि गावातले चौदा गुडघे,
त्यातले पाच नवे बसवलेले.

ओरेस्ट आणि गुद्रून कुंपणावरून भांडले
त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासूनचं बोलणं फक्त इथलं,
तेही आकड्यांत,
कारण सर्व्हिसआधी गुण मोठ्याने सांगावाच लागतो:
चार, सहा, दोन.
सात, सहा, एक.

काल ती आली नाही. कंबर धरली म्हणे.
ओरेस्टने जाळीपलीकडे बघितलं,
चेंडू बोटांत फिरवला,
"शून्य, शून्य, दोन" म्हणाला
आणि मारलाच नाही.

दिवे घालवताना मागे रेंगाळला.
बुटाची नाडी बांधत, जमिनीलाच विचारल्यासारखं:
तिच्या दारातला बर्फ कोण काढतं?

मी म्हटलं,
फावडं जिमच्या मागे आहे.