नमुना सतरा

वेताळ टेकडीच्या उतारावर, खाणीच्या अलीकडे,
घाणेरीच्या झुडपावर ती पसरली होती,
पिवळी, ओल्या शेवयांसारखी,
ना पान ना मूळ.
रोज फिरायला येणारे सोपान पायगुडे काठी रोवून थांबले.
"मॅडम, न्या की ही पीडा सगळीच. बांडगूळ नुसतं."
बांडगूळ वेगळं, काका. ही अमरवेल.
"दुसऱ्याचंच खाते ना?"
खाते.
"मग झालं."

पिशवीवर लिहिलं: नमुना सतरा.
खाली छापील रकाना, मूळ :
तो तसाच ठेवला.

लॅबमध्ये तिला बर्फात ठेचली.
मला हवी होती फक्त तिची चूल,
पेशीच्या आत धुमसणारी,
आईने लेकीला न विझू देता दिलेली.
पुस्तकात तिला तंतुकणिका म्हणतात.
आम्ही म्हणतो मायटो, घाईत.

त्या चुलीत निघालं
भलत्याच घरचं लाकूड.
एक जनुक. अख्खं.
हिच्या सात पिढ्यांत कुणाचं नसलेलं.

"घाण असेल," डॉ. मुजावर म्हणाल्या, चष्मा न काढता.
"घाणेरीचा डीएनए मिसळलाय. पुन्हा कर."
पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा केलं, हातमोज्यांवर हातमोजे चढवून.
तेव्हा चष्मा काढला त्यांनी.
"बी रुजव. कुणालाच न शिवलेलं."

बारा बिया पॉलिशपेपरवर घासल्या.
नऊ उगवल्याच नाहीत, दोन बुरशीने गेल्या.
एकीतून निघाला दोरा,
रिकाम्या हवेत गोल गोल फिरत,
काही धरायला मिळतंय का बघत.
पाच दिवस मी तिला उपाशी बघितलं.
पेन्सिल पुढे करावीशी वाटली एकदा.
सहाव्या दिवशी तिलाही ठेचलं.

जेलवर तीच पट्टी, त्याच उंचीवर.

म्हणजे आत्ताची चोरी नव्हे.
घाणेरीचं तर नव्हतंच ते
(तीही कुठली इथली! जहाजातून आलेली).
संगणकाने नेऊन बसवलं शेंगांच्या कुळात,
बाभूळ, खैर, शमी यांच्या आसपास कुठेतरी.
कधी काळी हिची कुणी खापरपणजी
असल्या एखाद्या झाडाला बिलगली असणार.
झाड गेलं.
त्याचं एक वाक्य हिच्या तोंडात राहिलं
आणि त्याच कामाचं तिचं स्वतःचं जे होतं
ते गळून गेलं.
कधी, ते नाही कळत.

रात्री कर्वेनगरच्या खोलीवर कारंज्याहून फोन.
"जेवली काय वं?"
हो गं, जेवले. परचुरे काकूंनी आमटी दिली होती.
पलीकडे जरा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"तू तं पुन्याचीच बोलून राह्यली."
मला म्हणायचं होतं, काऊन?
तोंडून आलं, का गं?
आठ वर्षं राहतेय इथे.
ते शब्द टाक, असं कुणीच म्हणालं नव्हतं मला.
काकू तर उलट हौसेने विचारायच्या,
तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?
सांगायचे मी. मग एकदा आठवेना,
तर आहे म्हटलं तुमच्यासारखंच.

विषय बदलायला आईला वेलीचं सांगितलं.
हेही सांगितलं, की ती चूलसुद्धा मुळात बाहेरची,
फार फार पूर्वी एक जंतू वस्तीला आला
आणि गेलाच नाही;
आता त्याच्यावाचून कुणाचाच श्वास चालत नाही,
तुझा, माझा, पायगुडे काकांचा.
आईने सगळं ऐकून घेतलं,
मध्येच मांजरीला हाकललं,
आणि म्हणाली,
"मंग तिले इचार ना,
कसं व्हतं ते झाड."