सदतीसवाला

म्टाटाच्या कोर्टात माझं काम एवढंच:
इंग्रजी इकडून उचलायची,
खोसा करून तिकडे ठेवायची.
पदरचं घालायचं नाही, कुणाचं गाळायचं नाही.
बावीस वर्षं झाली.

नोझुको पहाटे तीनला निघाली होती लिबोडेच्या पलीकडून,
नऊ वर्षांचा लुखोलो पाठीवर, करड्या ब्लँकेटात बांधलेला.
त्याचे पाय तिच्या गुडघ्यांशी लोंबत होते.
डोकं सारखं मागे कलंडायचं,
आणि ती न बघताच ते जागेवर आणायची,
बोलता बोलता आपण बट कानामागे सारतो
तशी.

पहिला शब्द आला, निष्काळजीपणा.
कोर्टाचा ठरलेला एक शब्द आहे त्याला,
कोरडा, रबरी शिक्क्यासारखा. तो वापरला.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग मी माझ्या आईचा शब्द काढला,
शेळ्या मक्यात शिरल्या नि राखणारा सावलीत घोरत पडला
की ती जो वापरायची, तो.
"नाही," नोझुको म्हणाली. "सिस्टर झोपली नव्हती.
तेरा बाया होतो आम्ही आणि ती एकटी.
धावत होती बिचारी.
माझ्यापर्यंत पोचली नाही."
तिच्याच वकिलाने डोळे मिटून घेतले.
मी जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं.

सरकारी वकील म्हणाले, फाइल पुरात भिजली.
हाती लागली ती पानं ही.
यात रात्री अडीच ते सकाळी सहा
बाळाच्या ठोक्यांचा रकाना कोरा आहे.
कोऱ्या रकान्याचं भाषांतर काय करणार?
मी कागद तिच्यासमोर धरला.
तिने त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.
"हो. बाहेर आला तेव्हा असाच होता.
आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी नुसते आकडे.
डायपर रोज पाच.
गिळता येत नाही म्हणून नळी,
नळी बदलणाऱ्या बाईचं जाणं-येणं.
चाकाची खुर्ची दर चार वर्षांनी नवी,
पण घरापर्यंत रस्ताच नाही,
मग रस्ता कुणाच्या खर्चाने, यावर अर्धा तास.
आणि या सगळ्याला गुणायचं कितीने?

सरकारचे डॉक्टर म्हणाले, एकवीस.
एकविसाच्या पुढे हा मुलगा जाणार नाही.
तिच्या बाजूचे डॉक्टर म्हणाले, सदतीस.

मी थांबलो.
"मिस्टर मडिकाने?" न्यायमूर्तीबाई चष्म्यावरून म्हणाल्या.
खून, जाळपोळ, सख्ख्या भावाच्या मानेवरचा कोयता,
सगळं या तोंडातून गेलंय,
जीभ कधी अडली नव्हती.
लुखोलो छताच्या पंख्याकडे बघून हसत होता.
पंखा मंद झाला की हसू मंद.

सांगितलं तिला. काम आहे ते.

मग दुपारभर ओढाताण.
एक बाजू पोराची वर्षं काढून घेत होती,
दुसरी एकेक परत आणून ठेवत होती:
छाती साफ आहे, वजन धरतोय,
आईने नऊ वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिलेली नाही.
पैशासाठीच बोलत होते सगळे, मला ठाऊक आहे.
तरीही नोझुको पुढे झुकून ऐकत होती, माझ्याआधी,
जणू इंग्रजी तिला कळत होतं.

सुट्टीत तिने मला विचारलं,
आणि नियमाने मी बोलायला नको होतं,
"तो सदतीसवाला माणूस कोण?
त्याला खायला काय आवडतं?"

तिसऱ्या दिवशी ती पाव घेऊन आली,
मक्याचा, वाफेवर केलेला, टॉवेलात गुंडाळून.
सदतीसवाला रात्रीच्याच विमानाने केपटाउनला गेला होता.
न्यायमूर्तीबाई म्हणाल्या, तहकूब, पुढची तारीख मार्चमध्ये.
हा शब्द मला सांगावा लागला नाही.
तिने ब्लँकेटची गाठ घट्ट केली,
पाव माझ्या टेबलावर ठेवला
आणि म्हणाली, "त्याला पोचव."

संध्याकाळी रिकाम्या कोर्टात बसून
मी तो सगळा खाल्ला.
मध्ये अजून कोमट होता.