तिरपं

बफेलोत बर्फ पडतोय.
तोफज्जल टेप घेऊन रांगतोय.
चर्चचं तोंड पूर्वेला, किब्ला ईशान्येला,
म्हणून गालिच्याची हरेक पट्टी
भिंतींशी फटकून, तिरपी;
कोपऱ्यांत उरतात त्रिकोण.
"नुकसान," तो पुटपुटतो.

यादविगाबाई आल्यात, ब्याऐंशीच्या,
बूट हातात धरून.
त्यांच्या बाकाच्या जागी चार खिळ्यांची भोकं.
पापं कबूल करायच्या खोपटीत
आता चपलांचे खण.
"ठीकच," त्या म्हणतात,
"आम्हीही चिखलच ठेवायचो इथं."

मग, जरा थांबून:
"एखादा तुकडा मिळेल?
पलंगाशेजारी... सकाळी पाय गारठतात."

तोफज्जल सुरीला नवं पातं लावतो,
सगळ्यात मोठा त्रिकोण कापतो.

काखोटीला मारून त्या निघाल्यात;
एका बुटाची नाडी
तशीच लोंबतेय.