डमी

रकाना सात : सन २०५५, अंदाजित लोकसंख्या.
पेन्सिल ठेवून मी दोनदा चहा पिऊन आले.

कोष्टकाच्या तळाशी तीन रीती छापल्यात.
तिन्ही रीतींनी विडी घरकुलापर्यंत जाऊन पाहिलं.
एक म्हणते अठ्ठ्याहत्तर हजार,
दुसरी दीड लाखाच्या पुढे,
तिसरी मधेच कुठेतरी उभी,
रिक्षा न मिळालेल्या बाईसारखी.

माणशी एकशे पस्तीस लिटर, रोज.
‘रोज’वर चावीवाला मल्लेशी हलकुडे हसला.
त्याच्या वहीत वार नाहीत, पाळ्या आहेत :
पाचवा दिवस, पहाटे तीन ते पावणेपाच.
“काय लिहायलाव मॅडम? पंचावन्न साल?
त्या कुरापाटी अक्काला विचारा की,
परवा किती बॅरल भरले ते.
सून आली घरात, एक बॅरल वाढलं.
पोरगा पुण्याला गेला, कमी केलं नाही.”

बंद गिरणीच्या मैदानात मागे खड्डा घेतला
तेव्हा साडेचारशेचा बिडाचा पाइप निघाला.
कुणीतरी माझ्यासारखंच टेबलाशी बसून,
भोंग्याच्या तीन पाळ्या धरून,
रंगखात्याच्या हौदांना पुरेल असा काढलेला.
भोंगा गेला. पाइप राहिला.
आता त्यातून तीस बंगल्यांचं पाणी
इतकं सावकाश चालतं
की क्लोरीन वाटेतच मरतो,
शेवटच्या नळाला येतं ते विटकरी, कोमट.
मोठं काढणं हीसुद्धा चूकच.
ती ओरडत नाही, एवढंच.

लहान चूक ओरडते.
घरकुलाच्या सातव्या गल्लीत
शंभरच्या पाइपला चाळीस मोटारी लागतात,
पाणी यायच्या आधी हवा येते, शिट्टी घालत,
आणि बायका तिलाच शिव्या देतात,
तेलुगूत, मराठीत, मधूनच कानडीत.

नायना, माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात सांधणीला होते.
बीम संपत आला की शेवटची वीतभर सुतं
फणीत तशीच सोडायचे.
पुढचा बीम कुठल्या रंगाचा, मालकालाही ठाऊक नसायचं.
पण जुन्या शेवटाला नवं टोक मिळायचं,
राखेत बोट बुडवून
दोन हजार गाठी, अर्ध्या पाळीत.
वीत कापून टाकणारा शिकाऊ
मग रात्रभर एकेक तार फणीत ओवत बसायचा.
मुनीम म्हणायचा, एवढं सूत वाया.
नायना त्याला उत्तर देत नसत.

रकान्यात मी मधला आकडा लिहिला.
माझा त्यावर विश्वास नाही,
पण रिकामा रकाना वर जात नाही.
विश्वास ठेवला तो नकाशावर :
अडीचशेचा पाइप, पाणी शिळं होणार नाही इतका,
आणि चौकाचौकात एकेक टी,
तिच्या तिसऱ्या तोंडाला लोखंडी तबकडी, आठ बोल्ट, मधे रबर.
मल्लेशी तिला डमी म्हणतो.
शेजारी सहा फुटांची मोकळी पट्टी,
जिथे दुसरा पाइप येईल,
किंवा कुणीतरी भाजी विकेल.

लेखापरीक्षकाचा शेरा आला :
‘चौदा टी. पुढे पाइप नाही. प्रयोजन खुलासावे.’
तीन खुलासे लिहिले, तिन्ही फाडले.
चौथ्यात लिहिलं, सांधणीसाठी.
तो परत आला नाही अजून.

शेवटची डमी घरकुलाच्या कोपऱ्यावर बसली.
मल्लेशीनं बोल्टांना मुठीनं ग्रीस चोपडलं,
वर गोणपाट गुंडाळलं, तारेनं आवळलं.
“मी तर पुढच्या मे महिन्यात रिटायर.
उघडणारा शिव्या द्यायला नको.”
माती लोटली. वही काढली.
‘पानटपरीपासून अकरा पावलं,’ असं लिहिलं,
मग खोडलं. टपरी हलेल.
‘लिंबापासून सात.’
आणि पेन कानाला लावून
लिंबाकडे बघत राहिला थोडा वेळ.