तळमजला, हिरवा चाफा

तळमजल्याला एक जास्त मिळतं:
भिंत आणि गटाराच्या मधली चार फूट माती,
वरून पडणारे चिमटे, एखादा मोजा, आंब्याची कोय.
तिथं मी लावत गेले.

आधी मोगरा. मग कुंद.
हातगाडीवाल्याशी भांडून घेतलेलं अनंताचं कलम.
सोनटक्क्याचा एक गड्डा, जो गटाराच्या ओलीवर इतका खूश झाला
की श्रावणात रोज तिन्हीसांजेला
इस्त्रीचे कपडे घालून उभा.
रातराणी नाही लावली. भोजवानींच्या सुनेचं डोकं उठतं.

अनंत मात्र अडून बसला.
ह्यांनी खत कारखान्यात एकतीस वर्षं काढली,
युरियावर ह्यांची कुलदैवताइतकी श्रद्धा.
माझा डोळा चुकवून मूठमूठ घालायचे.
पानं आली, तेल चोपडल्यासारखी.
फूल एक नाही.
"अहो, युरियानं पानं येतात, फुलं नाही येत."
"पानंही झाडाचीच ना?"
ह्यावर काय बोलणार.

हिरवा चाफा मी कोपऱ्यात खोचला आणि विसरले.
त्यानं आपल्या आकड्यांनी कुंपणाची जाळी धरली,
मग पाइप, मग पहिल्या मजल्याची ग्रिल.
सहा वर्षं नुसता चढत राहिला,
पागडीवरच्या भाडेकरूसारखा, निवांत.

चेंबूरला वासाचं कुणी फारसं मनावर घेत नाही.
माहुलकडून वारा सुटला की तो येतोच,
कधी नासक्या अंड्याचा, कधी घशात टोचणारा.
खिडकी लावायची, आमटीला फोडणी द्यायची.

पण मे महिन्यात एका रात्री, साडेअकराला,
जिन्यातून खोब्रागडे ओरडले, "गॅस!"
रेग्युलेटर बंद झाले. बटणाला हात लावू नका.
गाऊन, लुंग्या, एक झोपलेलं पोर खांद्यावर,
सगळी बिल्डिंग खाली, अंधारात.
"पण गोड कसा वास?" भोजवानी म्हणाले.
गॅस गोड नसतो.
मग नाकं वर करून, हुंगत हुंगत,
सतरा माणसं माझ्या चार फुटांत शिरली.
मोगऱ्याची कुंडी फुटली ती तेव्हाच.

"मनोरंजितम्!" विशालाक्षी मामी जवळजवळ किंचाळल्या.
"आमच्या मायावरमला विहिरीजवळ होतं.
जे फळ मनात आणाल, त्याचा वास देतं."

मग काय, जो तो मनात फळ आणू लागला.
फणस, अननस, वेलची केळं.
खोब्रागडे म्हणाले, बोरं, आमच्या शेताच्या बांधावरची.
भोजवानींची म्हातारी म्हणाली, "खजूर. सखरचा,"
आणि पुढं काही बोलली नाही.
फूल मात्र कुणालाच दिसेना.
पानात पानासारखंच लपतं ते,
पिवळं पडायला लागलं की मग सगळ्यांना हाका मारतं.

हे मागं उभे होते, पायजम्याची नाडी धरून.
"तुम्हाला कसला येतो?" मामींनी विचारलं.

ह्यांचं नाक अमोनियानं केव्हाच नेलं.
दूध करपलं की मीच धावते.
हे घरात कुणी बोलत नाही.

ह्यांनी डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला.
"रामफळ," म्हणाले.

रामफळ मला आवडतं. ह्यांना नाही.

सकाळी मी फुटक्या कुंडीची माती गोळा करत होते.
हे बादली घेऊन कोपऱ्यात,
चाफ्याच्या बुंध्याकडे बघत.
"ह्याला थोडा घालू का?"
घाला म्हटलं. चिमूटभर.
माझी पाठ फिरली की मूठ पडणार,
ठाऊक आहे मला.