सत्तेचाळीस

ऐरोलीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते,
तासिका तत्त्वावर.
म्हणजे मी आले नाही तर मला पैसे नाहीत,
मुलं आली नाहीत तर त्यांना परीक्षा नाही.
एवढ्यापुरते आम्ही एकाच बाकावरचे.

हजेरी नंबराने घेते, नावांना वेळ पुरत नाही.
पंचेचाळीस. हजर.
शेहेचाळीस. हजर, मॅडम.
सत्तेचाळीस.
इथे वर्ग जरा अडखळायचा,
मग खिडकीकडून कुणीतरी आवाज बारीक करून
म्हणायचं, हजर.
मी मान वर न करता टिक करायची.
सगळा ऑगस्ट असा गेला.

सप्टेंबरात ती स्टाफरूमच्या दाराशी उभी.
दीक्षिता मढवी, दिवा गावातली.
तीन जिने चढून आलेली,
कारण लिफ्टवर लिहिलंय, फक्त कर्मचाऱ्यांसाठी.
दाराची चौकट धरून दम घेतला.
ओठांचा रंग झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखा.

मॅडम, चार तारखेला मी नव्हते.
पंचवीसलाही नव्हते.
तुमच्या वहीत मी आहे. ते खोडा.

अगं, खोडलं तर पंच्याहत्तरच्या खाली जाशील.

चार तारखेला मी कळव्याला होते, सहा नंबरच्या खाटेवर.
दर एकविसाव्या दिवशी असते.
दोन पिशव्या चढायला सकाळची संध्याकाळ होते,
दुसऱ्या दिवशी अंग उठत नाही.
तुम्ही तेव्हा प्रमाण विचलन शिकवलंत.
ते मला येत नाही.
आणि वहीत मी हजर असले
तर ते मला परत शिकवणार कोण?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
पेन होतं.
खोडलं.

मग ऑफिस. घोसाळकरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं,
मग तिला पाहिलं.
दिसत तर नाही काही.
दिसत नाही, ती म्हणाली, मोजावं लागतं.
परिपत्रक निघालं, सवलतीची ओळही निघाली त्यात,
पण संगणकात दोनच रकाने, आहे आणि नाही.
नियम आहे हो मॅडम, रकाना नाही.
शिवाय दाखला मार्चचा. ताजा आणा.
जन्मापासूनचा आजार
अजून तसाच आहे, असा ताजा दाखला.

यादी लागली. वर ठळक अक्षरात, डिफॉल्टर.
बँकेत कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तोच शब्द.
तिने स्वतःचं नाव बोटाने शोधलं आणि हसली.
बरोबरच आहे की.
एकवीस दिवसांनी उसनं आणते,
कुणाचं ते माहीत नाही,
परत काही केलेलं नाही आजवर.

मला हसता आलं नाही.
मला आठवत होत्या माझ्याच त्या टिका, एकसारख्या, सुबक,
ज्यांनी माझं काम सोपं केलं होतं
आणि तिला वर्गातून पुसलं होतं.

आता गुरुवारी साडेबारानंतर
वाचनालयाच्या मागच्या टेबलावर आम्ही बसतो.
हा तास बिलात लागत नाही.
प्रत्येक संख्या सरासरीपासून किती लांब, ते काढायचं,
वर्ग करायचा, बेरीज.
ती चुकते, खोडरबर मागते,
खाडीकडून वारा आला की कागदावर कोपर ठेवते.

अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आहे, पेपरवेटखाली.
परवा पाहिला तेव्हा त्यावर चहाचा गोल उमटला होता.

पंधरा तारीख, सोमवार.
पंचेचाळीस. हजर.
शेहेचाळीस. हजर.
सत्तेचाळीस.

खिडकीकडून काही आलं नाही.
मी मान वर केली.
दुसरा बाक, भिंतीकडची जागा, रिकामी.
तिथे कुणी दप्तरही ठेवलेलं नव्हतं.
वहीत तारीख लिहिली, पुढे लिहिलं, कळवा,
आणि मार्जिनमध्ये, तिला काय शिकवायचं राहिलं ते.

अठ्ठेचाळीस.